जुनी फिशिंग बोट स्वस्तात घ्यायचीय? आधी हल बघा, इंजिन नंतर

जुनी बोट बघायला गेलं की सगळ्यांची नजर आधी इंजिनावर जाते, कुठल्या कंपनीचं, किती एचपी, किती तास चाललंय. विकणाऱ्यालाही हे पक्कं माहीत असतं म्हणून इंजिन पुसूनबिसून चकचकीत केलेलं असतं आणि बोलणंही सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. पण इंजिन उतरवून दुसरं लावता येतं, हल, म्हणजे बोटीचं मूळ अंग, बदलता येत नाही. कुजलेल्या ट्रान्समवर, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या भिंतीवर, नवं कोरं इंजिन टांगलं तरी बोट कुजलेलीच राहते. त्यामुळे क्रम असा ठेवा: कुठल्या पाण्यात जायचंय ते आधी, मग हल, आणि इंजिनचा प्रकार त्याच्यानंतर. हा क्रम उलटा झाला की स्वस्तातली बोट महाग पडते.

पैशाचं पण आधीच बोलून घेऊ. जेवढं बजेट आहे तेवढं सगळं बोटीत घालू नका, निदान पाचवा हिस्सा, जमलं तर चौथा हिस्सा बाजूला ठेवा. जुन्या बोटीला पहिल्याच वर्षी बॅटरी, फ्युएल होज, इम्पेलर (इंजिन गार ठेवायला पाणी ओढणारा रबरी पंखा), वायरिंग, ट्रेलरचे बेअरिंग असलं काहीतरी लागतंच, बोट कितीही चांगली असली तरी. हे पैसे नसले की लोक इम्पेलर पुढच्या वर्षी बघू म्हणतात आणि मग पूर्ण इंजिन तापून जातं.

आता पाणी. छोटा तलाव, संथ नदी, उथळ खाडी असेल तर सपाट तळाची बोट उत्तम, उभं राहून गळ टाकला तरी डुलत नाही, हातभर पाण्यात जाते आणि कमी एचपीवर पळते. पण तीच बोट लाटांवर नेली तर तळ आपटून आपटून कंबर मोडते आणि समोरून पाणी आत येतं. उघड्या समुद्रासाठी व्ही आकाराचा तळ लागतो, व्ही जितका खोल तितकी लाट कापते, पण थांबल्यावर जास्त हलते आणि पळायला ताकदही जास्त मागते. तिसरा प्रकार म्हणजे पाणी बाजूला सारत सावकाश जाणारी जड गोल तळाची बोट. तिचा वेग तिच्या लांबीनेच ठरतो, पाण्यातली लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, येतो तो वेग नॉटमध्ये. म्हणजे पाण्यात २५ फूट असलेली बोट साधारण ६.७ नॉट. अशा बोटीला दुप्पट एचपीचं इंजिन लावलेलं दिसलं आणि विकणारा त्याचंच कौतुक करत असला तर समजा की फक्त जादा इंधन जळणार आहे, वेग फारसा वाढणार नाही.

हल बघताना बोट पाण्याबाहेर हवी, यावर तडजोड नको. पाण्यात उभी असलेली बोट बघून पैसे देऊ नका.

फायबरची बोट असेल तर बाहेरचा फायबर सहसा टिकतो, गडबड असते ती आतल्या लाकडात. जुन्या बऱ्याच बोटींच्या ट्रान्सममध्ये आणि फ्लोअरखालच्या लांब स्ट्रिंगरमध्ये, म्हणजे आधाराच्या पट्ट्यांत, प्लायवुड किंवा फळ्या असतात. कोणीतरी स्क्रूसाठी भोक पाडतो, नीट सील करत नाही, तिथून पाणी शिरतं आणि आतल्या आत लाकडाचा चिखल होतो, बाहेरून रंग मात्र छान. हे पकडायचं कसं तर नाणं किंवा प्लास्टिकची हातोडी घेऊन ट्रान्समवर वीतभर अंतराने ठोकत जा, चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द आवाज येतो, दोनचार वेळा ठोकलं की कानाला फरक कळायला लागतो. मग आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेलं इंजिन, थोडं वर उचलून त्याचा खालचा पाय (पंखा असतो तो भाग) धरा आणि जोर लावून वरखाली करा, त्याचवेळी दुसऱ्याला ट्रान्समकडे बघायला सांगा. ट्रान्सम वाकताना दिसला, कोपऱ्यातल्या चिरा उघडबंद झाल्या किंवा बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी आलं तर किंमत कितीही कमी असू दे, ट्रान्सम नवा बसवायचा खर्च धरल्याशिवाय पुढे बोलू नका.

फ्लोअरवर टाचेने चालत फिरा, कुठे पाय दबतो का बघा, सीटच्या पायाशी आणि मागच्या कोपऱ्यात जास्त बघा. फ्लोअरखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो, तो वर्षानुवर्षं पाणी पीत राहतो आणि १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन, असे शंभर दोनशे किलो बोट उगाच वाहत असते. ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेता आली तर बेस्ट, कंपनीने दिलेल्या कोऱ्या बोटीच्या वजनाशी ताडून बघा, इंजिन, ट्रेलर, सामान वजा करून. ते जमलं नाही तर बाजूवर पाण्याच्या रेषेचा डाग बघा, रंगाच्या रेषेपेक्षा बराच वर असेल आणि त्यातही मागे जास्त वर असेल तर बोट जड झालीय.

तळाला बारीक फोड दिसतील, ते फोडले तर आंबूस वासाचं पाणी येतं. थोडे असतील तर घाबरायचं कारण नाही, दुरुस्त होतात आणि भाव पाडायला कामी येतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा कुठे आहेत त्यावर अर्थ बदलतो, वरच्या डेकवर इकडेतिकडे असतील तर बहुतेक फक्त वरचा थर तडकलाय, पण दोरी बांधायच्या क्लीटभोवती, ट्रान्समच्या कोपऱ्यात किंवा तळाला एका ओळीत असतील तर तिथे खरोखर ताण पडलाय किंवा बोट कशावर तरी आपटलीय. तळाला एखादाच चौकोनी भाग नव्या रंगाचा दिसला तर तो का रंगवला हे स्पष्ट विचारा, दुरुस्तीचे फोटो असले तर बघायला मागा.

कमी पैशात छोटी बोट घ्यायची असेल तर मला स्वतःला ॲल्युमिनियम आवडतं. हलकं असतं, छोट्या इंजिनावर भागतं आणि दोष लपत नाहीत. रिव्हेटची बोट असेल तर ट्रेलरवर असतानाच आत घोटाभर पाणी भरा आणि खाली वाकून बघा कुठून थेंब पडतात. जास्त भरू नका, वजनाने ट्रेलरला आणि हललाही त्रास होतो. दोनचार रिव्हेट गळत असतील तर ते परत ठोकून घेता येतात, सगळी ओळच गळत असेल तर सोडून द्या. पांढरी पावडर आणि खड्डे दिसले तर गंज आतपर्यंत गेलाय का ते तपासा. दोन गोष्टी नक्की विचारा: तळाला तांबं असलेला अँटीफाउलिंग रंग (शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा) लावलाय का, आणि फ्लोअर बदलताना तांब्याचं औषध मारलेलं प्लायवुड टाकलंय का. तांबं आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि फ्लोअरखाली हे चालू असेल तर वरून काहीच दिसत नाही.

लाकडी बोट त्यानेच घ्यावी ज्याला लाकडाचं काम येतं किंवा ज्याच्या जवळ ते करणारा आहे. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, सहज आत गेला तर कुजलंय. कुजण्याला खाऱ्या पाण्यापेक्षा वरून साचणारं पावसाचं पाणी जास्त कारणीभूत असतं म्हणून डेकचे सांधे आणि झाकलेले कोपरे आधी बघा. खाऱ्या पाण्यात राहिलेली असेल तर तळाला टाचणीएवढी भोकं शोधा, लाकूड पोखरणारा किडा बाहेर एवढंसं भोक ठेवतो आणि आत बोगदे करतो.

हल पटली की मग इंजिन. जुन्या बाजारात साधारण हेच प्रकार समोर येतात.

कार्ब्युरेटरवाला टू-स्ट्रोक आउटबोर्ड. हलका, भाग कमी, कुठल्याही जाणत्या मेकॅनिकला कळतो, आणि किमतीला सगळ्यात खाली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, बऱ्याच इंजिनांना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, पण जुन्यांचं प्रमाण वेगळं असू शकतं, मॅन्युअल बघा. ऑइल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच घ्या, मोटरसायकलचं नको. तोटा म्हणजे धूर, आवाज आणि न जळता बाहेर पडणारं पेट्रोल, जवळपास चौथा हिस्सा तसाच निघून जातो. काही तलावांवर आणि धरणांवर म्हणूनच त्याला बंदी असते, ते आधी विचारून घ्या. वर्षात मोजक्याच फेऱ्या आणि जवळच्या पाण्यातल्या असतील तर हा प्रकार अजूनही पुरेसा आहे.

फोर-स्ट्रोक आउटबोर्ड. माझ्या मते बहुतेक लोकांनी हाच शोधावा. पेट्रोल कमी, हळू वेगात ट्रोलिंग करताना, म्हणजे गळ मागे ओढत जाताना, शांत, ऑइल मिसळायची भानगड नाही. पण एक गोष्ट बरेच जण बघत नाहीत, तेवढ्याच एचपीचा फोर-स्ट्रोक सहसा जास्त जड असतो आणि जुनी बोट हलक्या टू-स्ट्रोकच्या हिशोबाने बनलेली असते. मागे पाच-पंचवीस किलो वाढले की ट्रान्सम खाली बसतो आणि उलट लाट आत यायला लागते. म्हणून इंजिन बदललेली बोट असेल तर पाण्यात उभी करून मागची कडा पाण्यापासून किती वर राहते ते बघाच, आणि नुसती नाही, दोन माणसं मागे उभी करून बघा. डिपस्टिकवर ऑइल पातळीच्या वर असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय.

डायरेक्ट इंजेक्शनवाला टू-स्ट्रोक हा मधला प्रकार, ताकद छान, पेट्रोल कमी, पण कॉम्प्युटर आणि इंजेक्टरवर सगळं चालतं. त्यातली काही इंजिनं आता बनतच नाहीत, उदाहरणार्थ एव्हिनरूड आउटबोर्ड बनवणं बीआरपी कंपनीने २०२० मध्ये थांबवलं, त्यामुळे असलं इंजिन स्वस्त मिळतंय म्हणून उडी मारण्याआधी जवळ त्याचं काम करणारा कोण आहे आणि पार्ट किती दिवसात येतात हे विचारा. खरं म्हणजे हा प्रश्न कुठल्याही इंजिनाला लागू आहे, आणि मी तर म्हणेन की जुनं इंजिन निवडताना एचपीच्या आधी हाच विचारायचा. मोसमात इंजिन महिनाभर पार्टची वाट बघत पडलं तर बोट स्वस्तात मिळाल्याचा काय उपयोग.

इनबोर्ड डिझेल, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं. ज्याला रोज किंवा आठवड्यातून बरेच तास चालवायचंय, जाळी ओढायची आहेत, दूर जायचंय, त्याच्यासाठी. इंधनाचा अंदाज द्यायचा तर १०० एचपी फोर-स्ट्रोक पेट्रोल पूर्ण थ्रॉटलला तासाला ३० ते ३८ लिटर पितं, तेवढ्याच ताकदीचं डिझेल २० ते २२ लिटरच्या आसपास. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या पोटात साचते आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो, डिझेलमध्ये तो धोका खूपच कमी. नीट ठेवलेलं डिझेल हजारो तास चालतं. पण ते जड असतं, जागा खातं, आणि नुसतं उभं राहिलं तर बिघडतं, त्यामुळे अधूनमधून जाणाऱ्याने त्याच्या आयुष्याचा आकडा ऐकून भुलू नये. पेट्रोलचं इनबोर्ड असेल तर मात्र स्टार्ट करायच्या आधी ४ मिनिटं ब्लोअर (आतली वाफ बाहेर फेकणारा पंखा) चालवायचा नियम घरातल्या सगळ्यांना पाठ हवा, ब्लोअर चालत नसेल तर ती बोट स्टार्टसुद्धा करू देऊ नका.

स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन आत आणि पाय बाहेर. कमी बजेटमध्ये आणि खाऱ्या पाण्यासाठी मी कोणालाही हे घ्या असं सांगणार नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून गंजतात, पाय जिथे आत येतो तिथलं पाणी अडवणारे रबरी बेलोज ठरावीक वर्षांनी बदलावे लागतात, आणि बेलो फाटला तर थेट बोटीत पाणी. स्वस्त दिसतात त्या याच कारणाने. गोड्या पाण्यात राहिलेली, बिलांसकट, असेल तर विचार करता येईल.

छोट्या तलावापुरतं असेल तर इलेक्ट्रिक मोटरही चालते. माणसं-सामान धरून दर ४५ किलोला साधारण २ पाउंड थ्रस्ट, म्हणजे मोटरची ढकलण्याची ताकद, धरा. ५५ पाउंडची १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे १०० अँपिअर-तासाची लेड बॅटरी अर्धीच वापरायची म्हटलं तर पूर्ण वेगात तासभर. कमी वेगात बराच जास्त वेळ मिळतो.

आउटबोर्ड वेगळा घेत असाल तर शाफ्टची लांबी जुळायलाच हवी, ट्रान्समच्या वरच्या कडेपासून खाली तळापर्यंत मोजा, १५, २० आणि २५ इंच ही नेहमीची मापं. पंख्यावरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यायला पाहिजे. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, लांब पडला तर पाणी उडतं आणि बोट ओढल्यासारखी चालते. एचपी किती हे बोटीवरच्या प्लेटवर लिहिलेलं असतं, त्याच्या वर कधीच जाऊ नका, पण फार खालीही नको, मर्यादेच्या पाऊण भागापासून पुढे घ्या. कमी ताकदीचं इंजिन कायम पूर्ण थ्रॉटलला राबतं आणि लवकर संपतं.

आता तपासणी. विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन स्टार्ट करून ठेवू नका. गेल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनाला हात लावा, कोमट लागलं तर थांबा, पूर्ण गार होऊ द्या किंवा दुसऱ्या दिवशी या, कारण गार इंजिन कसं उठतं यातच अर्धी माहिती असते.

स्टार्ट करायच्या आधी गिअर ऑइल बघून घ्या. पायाच्या तळाचा स्क्रू जरा सैल करून थोडं ऑइल बाहेर येऊ द्या. रात्रभर उभं असलेल्या इंजिनात पाणी खाली बसतं म्हणून आधी पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेलंय. फिशिंग बोटीत याचं एक नेहमीचं कारण म्हणजे पंख्यामागे शाफ्टला गुंडाळलेली गळाची दोरी, ती सील कापते आणि बाहेरून दिसतही नाही, पंखा काढूनच बघावं लागतं. स्क्रूच्या चुंबकावर करडी बारीक पेस्ट चालते, धातूचे तुकडे चालत नाहीत.

कॉम्प्रेशन टेस्ट टाळू नका. इंजिन गरम झाल्यावर सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, प्रत्येक सिलिंडर मोजा. नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा, १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, एकच सिलिंडर बराच खाली असेल तर ते इंजिन उघडावं लागणार. सिलिंडर हेडवरचा रंग फुगलेला किंवा जळालेला दिसला तर कधीतरी जास्त तापलंय. तासांच्या मीटरवर आंधळा विश्वास नको, नव्या इंजिनांचे तास मेकॅनिक कॉम्प्युटरमधून काढून देतो, ते मागा. आणि १५ वर्षं जुन्या इंजिनाचे तास फारच कमी असतील तर ते चांगलंच असं नाही, उभं राहून कार्ब्युरेटर चिकटलेला, रबर वाळलेलं असं असू शकतं.

पाइप लावून जमिनीवर चालवून दाखवलेलं पुरेसं नाही, लोड आल्याशिवाय इंजिन खरं बोलत नाही. पाण्याशिवाय तर काही सेकंदही चालवू देऊ नका, इम्पेलर जातो. पाण्यात न्या, मागून पाण्याची धार जोरात येते का बघा, पुढे-मागे गिअर टाका, मग मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटल देऊन काही मिनिटं तसंच ठेवा. आरपीएम कंपनीने दिलेल्या पट्ट्यात यायला हवा, बऱ्याच आउटबोर्डना ५००० ते ६०००. कमी भरला तर पंखा चुकीचा असेल किंवा इंजिन थकलेलं असेल. पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा किती पुढे सरकेल ते माप) १ इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतो, त्यामुळे फरक हजारभराचा असेल तर नुसत्या पंख्याचं कारण मान्य करू नका. डिझेलचा धूर बघा: काळा म्हणजे लोड जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा गरम झाल्यावरही जात नसेल तर न जळलेलं डिझेल किंवा हेड गॅस्केट. परत आल्यावर झाकण उघडून पोटात किती पाणी आलंय ते बघायला विसरू नका, निघताना कोरडं करून निघा म्हणजे कळेल.

इनबोर्ड असेल किंवा रक्कम मोठी असेल तर सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, लावा, त्याची फी वाचवण्यासारखी नाही, आणि विमा कंपनीही बऱ्याचदा त्याचाच रिपोर्ट मागते.

कागदं शांतपणे बघा. हलचा नंबर बहुतेक ट्रान्समच्या उजव्या वरच्या बाजूला असतो, इंजिनचा नंबर ब्रॅकेटवरच्या प्लेटवर. दोन्ही कागदांशी अक्षर अक्षर जुळले पाहिजेत. प्लेट खरवडलेली असेल किंवा नंबरावर रंग मारला असेल तर तिथूनच परत फिरा. बोटीवर कर्ज आहे का विचारा आणि फेडल्याचा कागद हातात घ्या. ट्रेलरची कागदं वेगळी असतील तर तीही.

सौदा झाला की बोट लगेच लांब नेऊ नका. आधी गिअर ऑइल, इम्पेलर, प्लग, फ्युएल फिल्टर बदला, जुनं पेट्रोल काढून टाका, कडक झालेले फ्युएल होज नवे टाका, आणि फोर-स्ट्रोक असेल तर इंजिन ऑइल. ॲनोड (बाकी धातू वाचवायला स्वतः झिजणारे तुकडे) अर्धे झिजले असतील तर नवे लावा, खाऱ्या पाण्यात झिंक, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम, दोन्हीकडे चालवायचं असेल तर ॲल्युमिनियम. बोटीच्या पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या बिल्ज पंपाचा स्विच हाताने उचलून चालतो का पाहा. पहिल्या फेऱ्या किनारा दिसेल एवढ्याच करा, लाइफ जॅकेट घालून, आणि इंधनाचे तीन भाग धरा, एक जायला, एक यायला, एक शिल्लक. तीनचार फेऱ्यांत तुमच्या बोटीचा तासाचा खरा खर्च कळतो, तो लिहून ठेवा, मग लांबचा बेत करा.